‘विधानसभा बिंदू’च्या निमित्ताने: पॉइंटला मराठीत काय म्हणावे?

मुद्रितशोधक (धागाकर्ती)

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत गेल्या महिन्यात आग लागल्यास काय करावे याचा सराव होता आणि त्याआधी जागोजागी पाट्या लावायचे ठरले. समितीतल्या एका उत्साही तरुणाने इंग्रजी पाट्यांचा मजकूर यंत्राकडून मराठीत करून घेतला आणि ‘काकू, एकदा नजर घाला’ म्हणून माझ्याकडे पाठवला. जिन्याची पाटी ठीक होती, बाहेर पडण्याच्या दाराची ठीक होती. पार्किंगच्या मागच्या मोकळ्या जागेसाठी मात्र ‘विधानसभा बिंदू’ असे लिहिलेले होते. मूळ शब्द ‘असेंब्ली पॉइंट’ असा होता. विधानसभेवर सगळे पोट धरून हसले, आणि दुसऱ्या दिवशी तो शब्द काढून ‘जमाव बिंदू’ अशी सुधारित पाटी माझ्याकडे आली.

मला विधानसभेपेक्षा बिंदूच अधिक खटकला होता. ज्याला लांबी नाही, रुंदी नाही, अशा बिंदूवर दोन इमारतींमधली माणसे, त्यांची लेकरे आणि दोन कुत्री जमणार कशी? ‘येथे जमावे’ एवढे दोन शब्द पुरेत, असे मी कळवले. त्यावर त्या मुलाने विचारले, ‘पण मग पॉइंट कुठे गेला?’ प्रश्न रास्त होता, आणि उत्तर देता देता मी दोन दिवस शब्दकोशांतच राहिले.

लॅटिनमध्ये ‘पुंगेरे’ म्हणजे टोचणे. टोचण्याच्या क्रियेत दोन वस्तू असतात: ज्याने टोचले ते टोक आणि जिथे टोचले तिथे उमटलेली खूण. फ्रेंचने या दोन्हींसाठी दोन शब्द ठेवले, खुणेसाठी ‘प्वँ’ आणि टोकासाठी ‘प्वँत’. इंग्रजीत येताना ते दोन्ही एकाच ‘पॉइंट’मध्ये मिसळून गेले, आणि पुढची सगळी गर्दी त्या मिसळीतून झाली. खुणेपासून भूमितीतला बिंदू, दशांश चिन्ह, मोजपट्टीवरची रेघ, खेळातला गुण, यादीतला मुद्दा आणि नेमके ठिकाण हे अर्थ निघाले. टोकापासून सुईचे अग्र, समुद्रात घुसलेले भूशिर आणि बाण रोखणे हे अर्थ आले. पंक्चर, पंक्च्युअल, अपॉइंटमेंट ही त्याच घरातली भावंडे आहेत. कर्वे रस्त्यावर गाडी पंक्चर झाली, त्यामुळे डॉक्टरांची अपॉइंटमेंट हुकली आणि ‘तुम्ही कधी पंक्च्युअल नसताच’ हे घरच्यांकडून ऐकून घ्यावे लागले, तर एकाच धातूने आपल्याला तीनदा टोचले असे समजावे.

मराठीने ही मिसळ कधी केलीच नाही. आपल्याकडे टोक वेगळे, टिंब वेगळे, ठिकाण वेगळे आणि गुण वेगळे. ‘मुद्दा’ तर अरबीतून आला. ज्यावर दावा सांगितला आहे ते, हा त्याचा जुना अर्थ. जुन्या कागदपत्रांतला ‘मुद्दई’ आणि पोलिसांच्या पंचनाम्यातला ‘मुद्देमाल’ हे त्याचेच नातलग, त्यांचा टोचण्याशी काडीचा संबंध नाही. म्हणून ‘पॉइंटला मराठी शब्द काय’ या प्रश्नाला माझ्या मते उत्तर नसते. ‘कोणता पॉइंट’ हे आधी विचारावे लागते.

आणि तरीही आपण दिवसभर पॉइंट पॉइंट म्हणतो, आणि समोरच्याला ते कळतेही. आपापल्या व्यवसायात हा शब्द कोणत्या अर्थाने येतो आणि तिथे मराठी शब्द चालतो की नाही, हे सभासदांनी लिहावे, अशी विनंती आहे.

तारजोडणी

ताई, आमच्या धंद्यात हा शब्द पैशांचा आहे, त्यामुळे त्याच्या अर्थावरून आम्ही भांडलेलो आहोत. माझे वडील वायरमन होते आणि मी लहान ठेकेदारी करतो. वायरिंगची मजुरी पॉइंटावर ठरते. काही वर्षांपूर्वी नारायण पेठेतल्या एका जुन्या जागेत सगळे वायरिंग नव्याने केले. काम संपल्यावर मी ३१ पॉइंट लावले आणि घरमालक आजोबांनी २२ मोजले. आजोबा निवृत्त शिक्षक होते. ते हातात वही घेऊन खोल्याखोल्यांतून फिरले होते आणि प्रत्येक बोर्डाचे चित्र काढून त्यावर त्यांनी आकडे घातले होते.

एक तास वाद झाल्यावर उलगडा झाला. आजोबांच्या लेखी पॉइंट म्हणजे ज्यात मोबाइलचा चार्जर खुपसतात ती भोके. आमच्या लेखी पॉइंट म्हणजे जिथे वीज वापरली जाणार ती जागा आणि बोर्डावरच्या बटणापासून तिथपर्यंत ओढलेली तार. छतावरचा पंखा हा एक पॉइंट, भिंतीवरची ट्यूब हा एक, दारावरची घंटा हा एक, आणि मोरीतला हवा बाहेर फेकणारा पंखा हाही एक. बटणाची वेगळी मोजणी होत नाही, कारण ते पॉइंटाच्याच दरात धरलेले असते. आजोबांनी पंखे आणि दिवे धरलेच नव्हते, उलट काही बटणे धरली होती. शेवटी त्यांनी पूर्ण पैसे दिले, पण वहीत ‘पॉइंट’ या शब्दाखाली लाल रेघ ओढून ‘संदिग्ध’ असा शेरा मारला, तो आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे.

तेव्हापासून मी अंदाजपत्रकात दिव्याचे पॉइंट, पंख्याचे पॉइंट, ६ अँपिअरचे प्लग आणि गिझर वा वातानुकूलन यंत्रासाठी १६ अँपिअरचे पॉवर पॉइंट असे वेगवेगळे लिहितो. (माझ्या मुलाला पॉवर पॉइंट म्हटले की शाळेचे सादरीकरणच आठवते, तो भाग निराळा.) मराठी शब्दाचे विचाराल तर, गिऱ्हाईक ‘इथे एक पॉइंट काढून द्या’ असे म्हणते. तिथे ‘बिंदू काढून द्या’ म्हटले तर मी खिशातून पेन्सिल काढीन.

साशंक

धागाकर्तीचे व्युत्पत्तीचे विवेचन आवडले, परंतु निष्कर्ष पटला नाही. परिभाषेत एका शब्दाला एक प्रतिशब्द असावा, हे तत्त्व आहे. पॉइंट म्हणजे बिंदू असे एकदा ठरवले, की सवयीने कान रुळतात. ‘संगणक’ हा शब्दही सुरुवातीला विचित्रच वाटला होता. दवबिंदू, मध्यबिंदू, केंद्रबिंदू हे शब्द आपण बिनतक्रार वापरतोच की. मग चार्जिंग बिंदू, विक्री बिंदू, जमाव बिंदू यांनीच काय घोडे मारले आहे?

मुद्रितशोधक

साशंक, आपण दिलेले तीनही शब्द मला मान्य आहेत, कारण तिथे खरोखरच रेषेवरची वा पट्टीवरची एक नेमकी खूण अभिप्रेत आहे. पण आपल्याच शास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनी हा नियम पाळलेला नाही, हे आपण पाहिलेत का? ‘ड्यू पॉइंट’चा दवबिंदू झाला, पण ‘बॉइलिंग पॉइंट’चा उत्कलनांक झाला आणि ‘मेल्टिंग पॉइंट’चा द्रवणांक. ज्यांनी हे शब्द घडवले त्यांना दिसले असावे, की पाणी उकळण्याचा बिंदू हा कुठे उमटलेला ठिपका नसून तापमापीवर वाचायचा एक अंक आहे. तोही अंक जागेनुसार बदलतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे इथे पाणी १०० अंशांना नाही, ९८ अंशांच्या आसपासच उकळते.

‘संगणक’ रुळला, कारण ती वस्तू नवी होती आणि तिच्यासाठी आपल्याकडे दुसरा शब्द नव्हता. जमण्याच्या जागेला ‘जागा’ हा शब्द असताना तिला बिंदू का म्हणावे? आणि प्रतिशब्द एकच हवा, तर कबड्डीत चढाईवाल्याने दोन बिंदू मिळवले असे आपण म्हणाल का?

रानवाट

टोकाच्या अर्थाबद्दल थोडे लिहितो. महाबळेश्वरला आपण ‘पॉइंट बघायला’ जातो, तिथला पॉइंट मुळात हाच आहे. पठाराची कडा जिथे दरीत पुढे घुसते, तिथे उभे राहून इंग्रजांनी दृश्य पाहिले आणि आपल्या साहेबांची नावे त्या टोकांना दिली. लॉडविक पॉइंट हे तर अक्षरशः सोंडेसारखे निमुळते टोक आहे. विल्सन पॉइंट १,४३९ मीटरवर म्हणजे महाबळेश्वरातला सर्वांत उंच. ताईंचे पाणी तिथे ९५ अंशांच्या आसपासच उकळेल. मुंबईचा मलबार पॉइंट, जिथे राज्यपालांचे निवासस्थान आहे, तोही समुद्रात शिरलेला खडकच. नरिमन पॉइंटची गंमत अशी, की तिथली जमीन समुद्रात भर घालून केलेली आहे, म्हणजे ते टोक माणसाने बनवलेले.

आता हे पाहा, की याच भूरूपाला आपल्याकडे शब्द होताच. रायगडावर टकमक टोक आहे, भवानी टोक आहे. साहेब तिथे आधी पोचला असता तर त्याचे ‘टकमक पॉइंट’ झाले असते. दुःख याचे वाटते, की साहेब गेल्यावर ते आपणच करत आहोत: गेल्या पावसाळ्यात माझ्याशेजारच्या गटाचा वाटाड्या ‘चला, आता टकमक पॉइंट’ असे ओरडत होता. आणि पठार नाही, कडा नाही, दरी नाही, तरी पुण्यातल्या चौकाचौकांत ‘सेल्फी पॉइंट’ उभे आहेत. वडापाव पॉइंट आणि ज्यूस पॉइंट यांच्याबद्दल मी बोलणार नाही, कारण मी त्यांचा गिऱ्हाईक आहे.

सांधा

रेल्वेतला पॉइंटही टोकाच्याच कुळातला आहे. एका रुळावरून दुसऱ्यावर गाडी वळवण्यासाठी दोन हलत्या पाती असतात आणि त्यांची टोके निमुळती होत मुख्य रुळाला चिकटतात. मराठीत त्याला सांधा म्हणतात आणि तो बदलणारा तो सांधेवाला. इंग्रजाचे लक्ष पात्याच्या टोकाकडे गेले, आपले लक्ष दोन रूळ जुळण्याकडे. वर्तमानपत्रे मात्र ‘पॉइंट फेल’ असेच छापतात आणि वाचणाऱ्याला वाटते, की गाडीने परीक्षा दिली होती.

जुळारी

मुद्रितशोधक ताईंनी स्वतःच्याच व्यवसायातला पॉइंट कसा सोडला, याचे आश्चर्य वाटले. मी सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरे, जुळवत असे; तो छापखाना आता राहिलेला नाही. आमच्याकडे अक्षराचे माप पॉइंटात. १२ पॉइंट म्हणजे एक पायका आणि ७२ पॉइंट म्हणजे जवळजवळ एक इंच. शिशाच्या काळातल्या मापात ७२ पॉइंट इंचाला किंचित कमी पडत असत. संगणकाने तो हिशेब मिटवून पॉइंट बरोबर इंचाचा ७२वा भाग केला.

लोकांचा एक गैरसमज असतो आणि तो इथे दूर करण्याची संधी मी सोडणार नाही. १२ पॉइंट हे अक्षराचे माप नाही. ते अक्षर ज्या शिशाच्या ठोकळ्याच्या डोक्यावर असते, त्या ठोकळ्याच्या उंचीचे माप आहे. त्या उंचीत अक्षर केवढे बसवायचे, हे ठसे कोरणारा ठरवी. म्हणून दोन वेगवेगळ्या वळणांची १२ पॉइंटची अक्षरे शेजारी ठेवली, तर एक थोराड आणि एक किरकोळ दिसते, आणि शिसे गेले तरी संगणकावर ते तसेच दिसते. त्यातून देवनागरीचे हाल अधिक. वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार आणि ऋकार, हे सगळे त्याच उंचीत बसवायचे म्हटल्यावर मधल्या मूळ अक्षराच्या वाट्याला जागा ती किती उरणार? कार्यालयांतून ‘मजकूर १२ पॉइंटात द्यावा’ अशी सूचना येते, ती इंग्रजीला ठीक असते; मराठी मजकूर त्याच मापात दिला, की साठीपुढचा वाचक चष्मा शोधू लागतो. माझ्या मते मराठीला दोन पॉइंट वाढवून द्यावेत, आणि ही सवलत नाही, हक्क आहे.

प्रतिशब्द आम्ही कधी शोधला नाही. ‘बारा पॉइंटी’, ‘सोळा पॉइंटी’ अशी विशेषणे मात्र आम्ही करून टाकली होती.

मुद्रितशोधक

जुळारीकाका, चूक कबूल. हातातला चष्मा घरभर शोधावा तसे झाले. आपल्या ‘पॉइंटी’ने मात्र एक गोष्ट लक्षात आणून दिली: परका शब्द राहिला तरी त्याला प्रत्यय मराठीच लागतो आणि त्याच्याशेजारी क्रियापदही मराठीच बसते, आणि कोणता पॉइंट हे ते क्रियापदच सांगते. पॉइंट पाहिला म्हणजे महाबळेश्वर; पॉइंटावर आला म्हणजे वाद; बंदोबस्ताचा पॉइंट लावला म्हणजे गणपतीतले पोलीस. ‘पॉइंट काढणे’ मात्र विद्यार्थीही करतो, वायरमनही करतो आणि कबड्डीपटूही करतो, त्यामुळे तिथे माणूस पाहावा लागतो.

जुनी_चेतक

यादीत ‘पॉइंट घासणे’ राहिले. आकुर्डीला तयार झालेली आमची जुनी स्कूटर पावसात हमखास बंद पडे आणि मेकॅनिक न पाहताच ‘पॉइंटला कचरा आला’ असे सांगे. चाकासारख्या फिरत्या मॅग्नेटोच्या (ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या भागाच्या) आत दोन छोटी धातूची टोके एकमेकांना चिकटत आणि सुटत, आणि ती सुटण्याच्या क्षणी प्लगला ठिणगी पडे. त्यांच्यातली फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी ठेवावी लागे. तो मॅग्नेटोच्या खिडकीतून बारीक पॉलिशपेपरची पट्टी घालून दोनदा ओढी, मग पातळ पत्र्याच्या मापाने फट पाही, आणि तोंडाने फुंकर मारी. या फुंकरीचे शास्त्रीय कारण मला अजून कळलेले नाही, पण तिच्याशिवाय गाडी सुरू झाल्याचे आठवत नाही. पुढे इलेक्ट्रॉनिक इग्निशन आले आणि हा पॉइंट त्याच्या क्रियापदासकट गेला.

पावटक्का

बँकेत पॉइंट म्हणजे बेसिस पॉइंट, एका टक्क्याचा शंभरावा भाग. जून २०२५मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६ टक्क्यांवरून साडेपाच टक्क्यांवर आणला, तेव्हा आमच्या परिपत्रकात ‘५० बेसिस पॉइंट’ होते आणि मराठी बातम्यांत ‘अर्धा टक्का’. दोन्ही बरोबर, मात्र ‘दर अर्ध्या टक्क्याने कमी केला’ हे काटेकोरपणे वाचले तर घोटाळा होतो, कारण ६चे साडेपाच होणे ही खरी तर आठ टक्क्यांहून अधिक घट आहे. या फरकासाठी ‘टक्केबिंदू’ हा शब्द मी वापरते, आणि इथे, साशंक, बिंदूला माझा पूर्ण पाठिंबा आहे. गिऱ्हाइकाशी बोलताना मात्र पाव आणि अर्धा यांना तोड नाही.

लक्ष्मीरोड

हिऱ्यात १०० पॉइंट म्हणजे एक कॅरेट आणि एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम. त्यामुळे ‘दहा पॉइंटचा खडा’ म्हणजे २० मिलिग्रॅमचा. काही गिऱ्हाइकांना दहा पॉइंट म्हणजे दहा पैलू वाटतात. पैलू निराळे आणि वजन निराळे, हे आम्हाला रोज सांगावे लागते.

कट्टेकरी

क्रिकेटमधला पॉइंट कोणीच कसा घेतला नाही? तो क्षेत्ररक्षक पूर्वी फलंदाजाच्या बॅटच्या टोकाजवळ उभा राही, म्हणून ते नाव. तिथे उभे राहून काय करता येते, हे जाँटी ऱ्होड्सने १९९२च्या विश्वचषकात चेंडू हातात धरूनच यष्ट्यांवर झेप घेत इंझमामला धावचीत करून दाखवले. याला मराठी शब्द सुचवू नये, ही नम्र विनंती.

तसेच ‘पाइंट’ असा उच्चार करणाऱ्या आमच्या गावाकडच्या मामांनी पुण्यात येऊन ‘जवळ पाइंट कुठे मिळेल’ असे विचारले, तर त्यांना प्लगपाशी नेऊ नये. तो शब्द वेगळा, बाटलीही वेगळी.

साशंक

टक्केबिंदूबद्दल पावटक्का यांचे आभार. कबड्डीतले ‘दोन बिंदू’ मी मागे घेतो आणि जमाव बिंदूही सोडतो. चार्जिंग बिंदूवर मात्र मी अजून ठाम आहे. विजेवरच्या गाड्यांसाठी ती जागा नवी आहे, म्हणजे धागाकर्तीच्याच संगणकाच्या न्यायाने तिला नवा शब्द हवा.

मुद्रितशोधक

न्याय माझाच असल्यामुळे मला तो मान्य करावा लागेल, पण शब्द बिंदू नसावा. आमच्या सोसायटीत त्या जागेला मुले ‘चार्जिंग’ एवढेच म्हणतात: ‘गाडी चार्जिंगला लावली आहे.’ बोलणाऱ्यांनी तिथे पॉइंट गाळून टाकला आहे आणि कोणाचे काही अडलेले नाही.

पाटीचे सांगायचे राहिले. ‘आग लागल्यास येथे जमावे’ हा मजकूर समितीने मंजूर केला आणि रंगाऱ्याकडे दिला. काल त्याचा फोन आला. अक्षरे झाली होती आणि खाली बाण काढायचा होता. त्याने विचारले, ‘बाई, बाणाचा पॉइंट गेटकडे करू की झाडाकडे?’ मी झाडाकडे सांगितले.

तारजोडणी

ताई, पाटी रात्री दिसावी म्हणून तिच्यावर दिवा लावणार असाल, तर तो एक पॉइंट धरावा लागेल.